तणसाचा हिशेब

२२ मार्च २०२५, शनिवार

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस, गोंदियाला उतरून बालाघाटची पॅसेंजर. राज्याची हद्द कधी ओलांडली ते कळत नाही. दोन्हीकडे त्याच बांध्या, तेच धुरे, डब्यात तीच मराठी-हिंदी-पोवारीची भेळ. १९५६पर्यंत आपलीही राजधानी नागपूरच होती, असं बाबा परवाची गोष्ट असल्यासारखं सांगायचे.

मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी आहे. तीन आठवडे रजा मिळाली. लॅबमध्ये सध्या माझ्यावाचून कोणाचं अडत नाही, हेही त्यामागचं एक कारण. त्याबद्दल नंतर लिहीन.

रात्री जेवताना माय म्हणाली, "तू तिकडं नेमकं काय करतेस वो? शेजारीण विचारते, मले सांगता येत नाई." सांगितलं. तणसातली साखर काढायची, ती जिवाणूला खाऊ घालायची, आणि त्याच्याकडून एक आम्ल करून घ्यायचं. त्या आम्लापासून प्लास्टिक, रंग, असं बरंच काही होतं. आज ते पेट्रोलियमपासून करतात. तिनं घास तोंडात टाकला, चावला, गिळला आणि मग म्हणाली, "तुझा कीडा तणस खाईन, तं मंग गाय काय खाईन?"

मी हसले. काकाजी हसले नाहीत.

२३ मार्च

सकाळी काकाजी खड्डा भरत होते. पशुवैद्यकीय खात्याच्या कुठल्याशा शिबिरात शिकलेली युरियाची प्रक्रिया ते दरवर्षी करतात. शंभर किलो तणसाला चार किलो युरिया, पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून. तणसाचा एक थर, त्यावर झारीनं पाणी, मग पायांनी तुडवण. पुन्हा थर. वरून मेणकापड आणि कडेनं चिखलाचा लेप. एकवीस दिवस उघडायचं नाही. तुडवायला मीही उतरले. धानाचं तणस पायाला कापतं, कारण त्यात वाळू असते. म्हणजे सिलिका, झाडानं मुळांतून ओढून पात्यात भरलेली. तणस जाळलं तर उरणारी राख बहुतेक तीच. आमच्या लॅबमधल्या दळणयंत्राची पाती ह्याच वाळूनं दर दोन महिन्यांनी बोथट होतात.

खड्ड्यात काय होतं? तणसावरचेच सूक्ष्मजीव युरिया फोडून अमोनिया करतात. तो अमोनिया लिग्निनची पकड ढिली करतो. तणसात सेल्युलोज आहे, हेमिसेल्युलोज आहे, म्हणजे साखरेच्याच साखळ्या. पण दोघांना लिग्निननं असं लिंपून टाकलेलं असतं की आतली साखर कोणाच्याच हाती लागत नाही. हे लिंपण सैल करायला आम्ही पुण्यात आम्ल आणि दीडशे-पावणेदोनशे अंशांची वाफ वापरतो. मिनिटांत काम होतं. काकाजींचं काम तीन आठवड्यांचं, पण त्यांच्याकडे बॉयलरचं बिल येत नाही.

२४ मार्च, दवाखान्याच्या बाकावर

मायला आत नेलंय. वेळ काढायला लिहिते.

आमचं आम्ल म्हणजे सक्सिनिक आम्ल. सोळाव्या शतकात अ‍ॅग्रिकोला नावाच्या जर्मन विद्वानानं अंबर तापवून ते काढलं, म्हणून अंबराच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव. चार कार्बनांचा साधा रेणू, पण त्याला दोन्ही टोकांना धरून पुढं बरंच काही जोडता येतं.

ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जिवाणू हवा नसली की साखर मोडून लॅक्टिक, अ‍ॅसेटिक, फॉर्मिक आम्ल आणि मद्यार्क करतो. सक्सिनिकही करतो, पण नावापुरतं. बांधीला चार-पाच ठिकाणी वाट पाडलेली असावी आणि पाणी सगळीकडून थोडंथोडं निघून जावं, तसं. आम्हाला एकाच वाटेनं पाणी हवंय. मग बाकीच्या वाटा बुजवायच्या, म्हणजे त्या-त्या रसायनाचा जीन काढून टाकायचा. बोलायला सोपं आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेशी संबंधित लोकांनी लॅक्टिक आणि फॉर्मिकच्या वाटा बुजवल्या, तर जिवाणू हवेविना ग्लुकोजवर वाढेनाच. पाणी आतच तुंबलं. साखर मोडताना निघणारे इलेक्ट्रॉन कुठंतरी सोडावे लागतात. ते सोडायच्या वाटाच ह्यांनी बंद केल्या होत्या. आणि मग त्याच जिवाणूच्या पिढ्यांत आपोआप एक बदल झालेला सापडला. साखर आत ओढायचा त्याचा ठरलेला मार्ग बिघडला होता, आणि नेमक्या त्या बिघाडानं घडी बसली. तो वाढला आणि भरपूर सक्सिनिक देऊ लागला. माणसानं दोन वाटा बुजवल्या, तिसरी गोष्ट जिवाणूनं स्वतःच केली. आम्ही ज्याला "आमचा स्ट्रेन" म्हणतो त्यात "आमचं" किती, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो.

आणखी एक गंमत. १९९१ साली अमेरिकेनं आपलं पन्नास लाखावं पेटंट दिलं, ते लॉनी इनग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ई. कोलायला. झायमोमोनास ह्या दुसऱ्या जिवाणूचे जीन घालून त्यांनी त्याच्याकडून इथेनॉल करवून घेतलं होतं. हा झायमोमोनास ताडी-माडीसारख्या आंबणाऱ्या पेयांतला रहिवासी.

नर्सनं हाक मारली.

२७ मार्च

पहाटे साडेचारला शेजारच्या गोंड आजीबरोबर मोह वेचायला. माय डोळ्याला पट्टी लावून ओट्यावर बसली, "ह्या वयात तुले मोह वेचाची हौस!" म्हणाली.

झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा काळी करून ठेवलेली. त्या काळ्यावर फिकट पिवळी फुलं पडलेली, जाड, रसदार. टप्, टप्, अजून पडतच होती. बोटानं दाबलं की चिकट रस, आणि वास असा की पोटात आधी गोड आणि मग मळमळ. आजी वाकून दोन्ही हातांनी वेचते. एका हाताची फुलं टोपलीत पडेपर्यंत दुसरा भरलेला असतो. माझी टोपली तळ झाकण्याइतकी झाली तोवर तिच्या दोन भरल्या. ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, नाहीतर गुरं येतात, मुंग्या येतात आणि फूल आंबायला लागतं.

वाळलेल्या मोहाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. इथं लिंपण नाही, लिग्निन नाही, वाफ नाही. झाड रात्रभर साखर खाली टाकतं. २०२० साली आधारभूत भाव किलोला ३५ रुपये ठरला. आजीला विचारलं, विकता का? म्हणाली, थोडा विकतो, थोडा ठेवतो. थोडा कशासाठी ठेवतात ते विचारलं नाही. त्यांच्या अंगणातल्या मडक्यानं सांगितलं.

२८ मार्च

मोहाचा वास हाताला अजून आहे, म्हणून हे आठवलं. आमच्या विषयातल्या लोकांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी, आणि सहसा नसते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना तोफगोळ्यांच्या कॉर्डाइटसाठी अ‍ॅसिटोन हवं होतं. ते तोवर लाकूड तापवून काढत आणि ते पुरेना. मँचेस्टरच्या चाइम वाइझमन ह्या रसायनशास्त्रज्ञाकडे एक जिवाणू होता, क्लॉस्ट्रिडियम. मका किंवा कुठलाही स्टार्च खाऊन तो अ‍ॅसिटोन, ब्यूटेनॉल आणि इथेनॉल तीन-सहा-एक अशा प्रमाणात करी. अन्नधान्य तोफेत घालणं जड जाऊ लागलं तेव्हा १९१७त इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांकडून रानटी चेस्टनटची फळं वेचून घेतली. वाइझमन पुढं इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले; चेस्टनट वेचणाऱ्या पोरांचं पुढं काय झालं ते कोणी लिहिलेलं नाही.

त्याच युद्धात आपल्या नाशिकलाही अ‍ॅसिटोनचा कारखाना उभारला गेला. त्या कामात गिल्बर्ट फाउलर होते. तेही मँचेस्टरचेच, सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रक्रियेसाठी गाजलेले आणि १९१६त बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आलेले. पुढं १९२०च्या आसपास ह्याच फाउलरांनी आपल्या सहकाऱ्यांसह मोहाच्या फुलाचं जीवरसायन तपासून निबंध छापला. हे वाचल्यावर मला १८९२चा मुंबई इलाख्याचा मोहाविषयीचा कायदा आठवतो. ठाणे-कुलाब्याकडं घरात मोह साठवणं गुन्हा ठरवणारा. दारूचा महसूल बुडतो म्हणून. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत तेच फूल गुन्ह्याचा मुद्देमाल होतं आणि प्रयोगशाळेतलं संशोधनही. मध्ये फूल बदललं नव्हतं.

युद्धानंतर जगभर असले आंबवणीचे कारखाने ब्यूटेनॉलसाठी चालले, आणि पेट्रोलियम स्वस्त झाल्यावर बसत गेले. आमच्या क्षेत्राला लोक "नवं तंत्रज्ञान" म्हणतात. शंभर वर्षांचं आहे.

३० मार्च, पाडवा

काकाजींनी वाडीतून हिरवा कळक तोडून आणला, माय एका डोळ्यानं पाहत सूचना देत होती. बालाघाटचा बांबू पूर्वीपासून नावाजलेला. आसामात नुमालीगढला बांबूपासून इथेनॉल, फुरफुराल आणि अ‍ॅसेटिक आम्ल काढायचा कारखाना उभा राहिलाय. हे काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तिथं आता बांबूले भाव येईन आणि टोपल्या विणणाऱ्याले बांबू नाई मिळीन." मी उत्तर दिलं नाही, पुरणपोळी गरम होती.

२ एप्रिल

वारासिवनीला एका ओळखीच्या राइस मिलवर गेले. मी काकाजींना म्हणाले होते, तणस नको तर कोंडा घेऊ. तो तरी वायाच जातो. मिलचे मालक माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. त्यांनी नेऊन दाखवलं: उसन्या तांदळासाठी धान उकडायचा बॉयलर त्याच कोंड्यावर चालतो. उरलेला वीटभट्टीवाले उचलतात. राखसुद्धा विकली जाते, तिच्यात सिलिका असते म्हणून. "मॅडम, आमच्याकडं वाया जाणारं काही असेल तर आम्हालाच आधी सांगा," म्हणाले.

आमच्या प्रत्येक प्रकल्प अर्जाचा पहिला परिच्छेद "शेतीतील टाकाऊ पदार्थ" असा सुरू होतो. मीच लिहिलेत चार-पाच. ह्या जिल्ह्यात टाकाऊ म्हणावं असं मला अजून सापडायचंय. हार्वेस्टरनं कापलेल्या बांधीत तणस विस्कटून पडतं आणि पेटवलं जातं, एवढंच काय ते. आणि ते पेटतं कारण ते गोळा करायची मजुरी तणसाच्या किमतीपेक्षा जास्त पडते.

पानिपतचा आकडा घ्या. इंडियन ऑइलचा तिथला कारखाना ऑगस्ट २०२२मध्ये सुरू झाला, तंत्र आपल्या पुण्याच्या प्राजचं. वर्षाला सुमारे दोन लाख टन तणस आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, असा आराखडा. म्हणजे टनाला दीडशे लिटर. रोजचं साधारण साडेपाचशे टन तणस. दहा टनांचे पंचावन्न ट्रक, रोज. आणि तणस येतं वर्षातून जेमतेम तीन-चार आठवडे. उरलेलं वर्षभर ते रचून ठेवायचं, पावसापासून, वणव्यापासून, उंदरांपासून. तिथं आंबवणारा सूक्ष्मजीव यीस्ट आहे, आमच्यासारखा जिवाणू नाही, पण ट्रक तेवढेच लागणार. मी सहा वर्षं जीन कापण्यात घालवली. ट्रकचा हिशेब आज मिलच्या अंगणात उभं राहून पहिल्यांदा केला.

५ एप्रिल

रात्री लॅबमधून सहकाऱ्याचा फोन. आंबवणीची टाकी पुन्हा लावली होती, पुन्हा अडली.

हे लिहायचं टाळत होते. डिसेंबरात पहिल्यांदा खऱ्या तणसाच्या रसावर टाकी लावली ती मी. त्याआधी वर्षभर शुद्ध ग्लुकोज आणि झायलोजवर स्ट्रेन असा पळत होता की आम्ही पेढे वाटले होते. तणसाच्या रसात सोडला आणि तीस तास काहीच नाही. गढूळपणा वाढेना. मी पंपापासून तापमापकापर्यंत सगळ्याला दोष दिला. दोष माझा होता. आम्ल आणि वाफेनं हेमिसेल्युलोज फुटतं तेव्हा थोडी साखर जळून फुरफुराल होतं, आणि ते जिवाणूला विष. रस निर्विष करून घ्यायची पायरी मी घाईत गाळली होती, कारण अहवालाची तारीख जवळ आली होती.

त्यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. फुरफुरालनं जिवाणू थेट मरत नाही. तो ते निरुपद्रवी मद्यार्कात बदलायला बघतो आणि त्यासाठी आपली साठवलेली शक्ती, एनएडीपीएच, खर्च करतो. मग वाढीसाठी काही उरत नाही. घर वाचवायच्या नादात बी-बियाणंच विकून टाकावं तसं. इनग्रॅम ह्यांच्या गटानं २००९ साली दाखवलं की हे काम करणारा एक जीन काढून टाकला तर जिवाणू फुरफुरालमध्ये जास्त तग धरतो. बचाव कमी केला की जगणं सुधारतं! आमच्या स्ट्रेनमध्ये तो जीन अजून शाबूत आहे. पुण्याला गेल्यावर पहिलं काम ते.

दुसरं दुखणं चुन्याचं. आम्ल साचलं की जिवाणूच थांबतो, म्हणून चुना घालत राहायचं; शेवटी शुद्ध आम्ल सोडवायला गंधकाम्ल ओतायचं, आणि मागं जिप्समचा डोंगर. टनाला टनभराहून जास्त. कॅनडात सार्निया इथं बायोअंबरचा सक्सिनिकचा मोठा कारखाना २०१५त सुरू झाला. त्यांनी ह्याच अडचणीसाठी जिवाणू सोडून आम्ल सोसणारं यीस्ट धरलं होतं. तरी २०१८त कंपनीचं दिवाळं निघालं. जीवशास्त्र चाललं, बाजार नाही चालला.

८ एप्रिल

मायची पट्टी निघाली. दुपारभर ती अंगणात प्रत्येक गोष्टीकडं नव्यानं बघत होती. गाय रवंथ करत होती आणि मी तिच्याशेजारी खाटेवर. माय पुन्हा म्हणाली, "तू त्या दिवशी सांगतलंच नाई, गाय काय खाईन ते."

मग सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की हे मी पंधरा वर्षं जाणते आणि कधी असं एका ओळीत मांडलं नाही.

गाईचं पहिलं पोट, रूमेन, म्हणजे टाकीच. एकोणचाळीस अंश, हवा नाही, सतत ढवळणं, आणि रवंथ म्हणजे दळणयंत्र, ज्याची पाती बोथट झाली तरी कंपनीला फोन करावा लागत नाही. लाळेतून सोडा येत राहतो, म्हणजे आमचा चुना. तणसातलं सेल्युलोज तिथले जिवाणू फोडतात, गाय नाही. आणि जगात सक्सिनिक आम्लासाठी सर्वात नावाजलेले जिवाणू आले ते ह्याच पोटातून. अ‍ॅक्टिनोबॅसिलस सक्सिनोजेनिस गाईच्या रूमेनमधून वेगळा केला. कोरियातल्या संशोधकांनी मॅनहाइमिया कोरियन गाईच्या रूमेनमधून काढला. जर्मनांचा बास्फियाही तिथलाच. पैकी एकालाही सक्सिनिक करायला आम्ही शिकवलेलं नाही.

"मंग तिच्या पोटात ते आम्ल साचत काहून नाई?" मायनं विचारलं. हा प्रश्न एखाद्या परिषदेत आला असता तर मी विचारणाऱ्याला टाळी दिली असती. साचत नाही, कारण शेजारचे दुसरे जिवाणू ते लगेच उचलतात आणि त्याचं प्रोपिऑनिक आम्ल करतात. ते गाईच्या रक्तात जातं, यकृतात त्याची साखर होते आणि पुढं त्या साखरेतूनच दूध. मध्ये कोणी काही विकत नाही, वाहून नेत नाही, शुद्ध करत नाही. आम्हाला ते मध्येच थांबवून बाटलीत भरायचंय, म्हणून चुना, जिप्सम, ट्रक, सगळं.

माय म्हणाली, "म्हणजे तुमी गाय बनवून राहिले, आन् दूध नाई देणार ते." मग उठून आत गेली. चहा टाकायला.

मी गाईच्या पोटाला हात लावून बसले. डाव्या कुशीत मिनिटाला एकदा-दोनदा लाट येते, आतलं सगळं उलटंपालटं करणारी. हाताला स्पष्ट लागते. आमच्या ढवळणीचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो.

१३ एप्रिल

एकवीस दिवस भरले. काकाजींनी चिखल फोडला, मेणकापड उचललं. अमोनियाचा भपका आला, डोळ्यांतून पाणी. मायला दूर उभं केलं होतं, ती तरी पुढं आलीच. तणस पिवळं होतं ते तपकिरी झालेलं, हातात धरलं की मऊ; पायाला कापत नाही. लगेच घालायचं नाही, चार तास उन्हात पसरून वास जाऊ द्यायचा. गाईनं पहिल्यांदा नाक लावून मान वळवली. काकाजींनी वर मूठभर पेंड भुरभुरली. तिनं पेंड चाटली, मग पेंडीखालचं तणस, मग नुसतं तणस.

मी दोन नमुने घेतले. खड्ड्यातलं दहा किलो आणि गंजीतलं कोरडं दहा किलो. पुण्यात दोन्हींवर साखरेच्या साखळ्या तोडणारं एकच एन्झाइम घालून बघायचंय. वाफ नाही, आम्ल नाही, म्हणजे फुरफुराल नाही. तीन आठवडे ही आमच्याकडं वेळेची चैन वाटते. पण तणस गोदामात आठ-आठ महिने पडूनच राहणार असेल तर तीन आठवडे कशाला मोजायचे?

मायनं वजन पाहिलं आणि म्हणाली, "वीस किलो झालं. गाईचे चार दिवस." मी पैसे देऊ केले. तिनं घेतले.

१४ एप्रिल

बालाघाट स्टेशनबाहेर आंबेडकर जयंतीचे निळे झेंडे, सकाळपासून गाणी. गोंदियालाही तेच. दोन पोती घेऊन फलाटावर उभी. एक हमाल आला, पोत्याला हात लावून बघितलं, हलकं लागलं म्हणून तोंड आत घालून वास घेतला.

"तणस? पुण्याले नेता?"

"हो."

"तिकडं गाय पाळली का जी?"

गाडी लागत होती. मी हो म्हटलं.